पुदिना-लिंबू सरबताची तयार बाटली : कोकमाची रीत पुदिन्याला लावल्यावर

मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कोकणमेव्याची जी दुकाने लागतात, त्यांच्या फळीवर कोकम, आवळा, जांभूळ आणि कैरीचे पन्हे यांच्या रांगेत अलीकडे एक गर्द हिरवी बाटली दिसू लागली आहे. पुदिना आणि लिंबू यांचे हे तयार सरबत. काही उत्पादक त्यावर ‘मिंट मोहितो’ असे ठळक छापतात आणि खाली बारीक अक्षरांत ‘मद्यविरहित’ असा खुलासा करतात. मी घेतलेली बाटली हातखंब्याच्या तिठ्याजवळच्या एका दुकानातली, ७०० मिलिलिटरची आणि १६० रुपयांची. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण याच जातीच्या ज्या इतर बाटल्या चाखल्या त्यांचीही कथा फारशी वेगळी नव्हती, आणि एकट्या त्या माणसाला धारेवर धरण्यात अर्थ नाही. “हल्ली पोरांना हेच लागतं, काका, कोकम काय म्हातारी माणसं नेतात,” असे दुकानदारीणबाईंनी बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितले. त्यांच्या या बाजारज्ञानाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, कारण माझ्यामागे उभ्या असलेल्या कुटुंबाने तीच बाटली उचलली.

निकाल आधीच सांगून टाकतो. उन्हातून आल्यावर थंडगार आंबटगोड काहीतरी हवे असेल, तर ही बाटली ते काम करते. पुदिना प्यायचा असेल, तर करीत नाही. घरात लिंबू, साखर आणि पुदिन्याची जुडी असताना ही बाटली विकत घेण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. मात्र घरी करतानाही पुष्कळ लोक पुदिन्याची अशी काही दुर्दशा करतात की बाटली परवडली असे म्हणावे लागते, म्हणून घरच्या कृतीविषयीही सविस्तर लिहिणे भाग आहे.

वेष्टनापासून सुरुवात करू. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे ती नीट वाचली की निम्मी परीक्षा बाटली न उघडताच होते. येथे पहिली साखर, मग पाणी, मग लिंबाचा रस ५ टक्के, त्यानंतर आम्लता नियंत्रक ३३०, संरक्षक २११, रंग १०२ आणि १३३, आणि सर्वांत शेवटी पुदिन्याचा कृत्रिम स्वाद. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल आणि २११ म्हणजे सोडियम बेंझोएट; दोन्ही सरबतांच्या धंद्यात नित्याची आहेत आणि मर्यादेत वापरलेली असतील तर त्यांच्यावर गहजब करण्याचे कारण नाही. १०२ हा पिवळा टार्ट्राझिन आणि १३३ हा निळा. दोन्ही मिळून वेष्टनावरच्या चित्रातल्या पानांपेक्षाही हिरवा रंग तयार होतो. पुदिन्याचे पान या यादीत कोठेही नाही. चित्रात मात्र पानांचा भारा आहे, आणि त्यावर दवबिंदूही आहेत.

हिरव्या रंगाविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण गिऱ्हाईक भुलते ते त्यालाच. खऱ्या पानाचा हिरवेपणा हरितद्रव्यामुळे असतो, आणि आम्लात, विशेषतः उष्णतेची जोड मिळाली तर, त्या द्रव्याच्या रेणूतले मॅग्नेशियम निघून जाऊन रंग मळकट शेवाळी होतो. लिंबू पिळलेली पुदिन्याची चटणी रात्रभर ठेवली की सकाळी तिचे काय होते ते प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्यामुळे लिंबाच्या आम्लात महिनोन्‌महिने राहूनही हिरवीगार असणारी बाटली पानांच्या रंगाची असूच शकत नाही. आणि एखाद्या प्रामाणिक उत्पादकाने खरोखर पाने घालून सरबत केलेच, तर ते इतके मातकट दिसेल की फळीवर कोणी त्याला हात लावणार नाही. दोष एकट्या उत्पादकाचा नाही, तो असा.

चवीकडे येतो. झाकण उघडताच जो वास येतो तो पानाचा नसून पिपरमिंटच्या गोळीचा आहे: नाकात थेट चढणारा, थंड आणि सपाट. पेल्यात ओतल्यावर घट्ट पाक तळाशी बसतो आणि वरचे पाणी जवळजवळ स्वच्छ राहते, त्यामुळे तळापासून नीट ढवळावे लागते. न ढवळता दिलेल्या पेल्यातला पहिला घोट पाण्याचा आणि शेवटचा मधासारखा लागतो. ढवळल्यानंतर जिभेवर आधी गोडी, लगेच सायट्रिक आम्लाचा टोकदार आंबटपणा आणि घोट गिळल्यावर घशात गारवा अशा क्रमाने चव उलगडते. आंबटगोडाचे प्रमाण वाईट नाही, किंबहुना बेताचे आणि जमलेले आहे. पण लिंबाचा म्हणून जो वास असतो तो कोठेच लागत नाही, कारण तो मुख्यतः सालीतल्या तेलाचा असतो आणि ५ टक्के रसात त्याचा मागमूसही राहत नाही.

घशातला गारवा आणि पुदिन्याचा सुगंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाटलीने पहिली देऊन दुसरी दिल्याचा आभास केला आहे. गारवा मेंथॉलचा असतो. मेंथॉल पेय थंड करीत नाही; थंडी ओळखणारे जे ग्राहक (रिसेप्टर) आपल्या मज्जातंतूंवर असतात त्यांना ते चेतवते, म्हणून कोमट पाण्यातले मेंथॉलही थंड भासते. तापमानाच्या आणि स्पर्शाच्या ग्राहकांवरील ज्या संशोधनाला २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या मेंथॉलच्या ग्राहकाचाही समावेश होता. हे मेंथॉल ज्या जातीच्या पुदिन्यातून काढतात, ती उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला तेलासाठी पिकवली जाते. मंडईत जुडी बांधून येणारा पुदिना बहुधा स्पिअरमिंटच्या कुळातला असतो आणि त्याच्या वासाचा गाभा कार्व्होन नावाच्या द्रव्याचा असतो, जो गोडसर आणि ओलसर पाल्याचा असून घसा फारसा गार करीत नाही. पाणीपुरीच्या पाण्यात आणि चटणीत आपण ज्याला पुदिना म्हणून ओळखतो तो हा. बाटलीत तो नाही, आणि म्हणून पहिल्या घोटाला ‘हे कोठेतरी चाखले आहे, पण पुदिना म्हणून नव्हे’ असे वाटते.

आता मूळ प्रश्न असा की ज्या उत्पादकाचे कोकम इतके उत्तम, त्याला पुदिना का साधला नाही. त्याच दुकानातून घेतलेली त्याच्याच कोकम सरबताची बाटली मी शेजारी ठेवून प्यालो, आणि तीत खोट काढायला जागा नाही. कारण उघड आहे. कोकमाच्या ताज्या साली साखरेच्या थरांत घालून उन्हात ठेवल्या की साखर सालीतला रस ओढून घेते. त्या रसातली आम्ले टिकाऊ असतात आणि त्याचा तांबडा रंग आम्लात उलट खुलून राहतो. म्हणजे साखर, आम्ल आणि काळ ही तिन्ही कोकमाच्या पथ्यावर पडतात. आवळ्याचे आणि कैरीचे थोड्याफार फरकाने तसेच आहे, कारण त्यांचेही भांडवल आंबटपणा हेच आहे. पुदिन्याचे भांडवल मात्र उडून जाणारे तेल आहे. त्याला उष्णता नको, आम्लाचा दीर्घ सहवास नको आणि काळ तर मुळीच नको. कोकणातल्या सरबतवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताखालून गेलेली रीत ज्या वस्तूला लावली, तिला ती मानवणारी नाही, आणि मग उरलेली पोकळी कृत्रिम स्वादाने भरावी लागली.

घरी करायचे तर नेमके उलट वागायचे: जे टिकते ते आधी करून ठेवायचे आणि जे उडून जाते त्याला अगदी शेवटच्या क्षणी हात लावायचा. टिकते ते साखर आणि सालीचे तेल. २०० ग्रॅम साखर घ्यावी आणि दोन पिवळसर कागदी लिंबांची साल बारीक किसणीवर हलक्या हाताने तिच्यात किसावी; किसणी एका जागी एकदाच फिरवावी, कारण खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. मग ती साखर बोटांनी चोळून अर्धा तास झाकून ठेवावी. झाकण काढल्यावर साखर ओलसर झालेली दिसते, तिचा रवाळपणा बसलेला असतो आणि स्वयंपाकघरभर लिंबाचा जो वास पसरतो, त्याने बाटलीवरचा सर्व मजकूर खोटा पडतो. तिच्यावर २०० मिलिलिटर कढत पाणी ओतून साखर विरघळेपर्यंत ढवळावे, गार झाल्यावर गाळून बाटलीत भरावे. भांडे विस्तवावर ठेवून पाक करीत बसू नये. तार येण्याशी आपल्याला काही कर्तव्य नाही. फ्रीजमध्ये हा पाक आठ-दहा दिवस सुखाने राहतो.

सालीची ही खटपट मद्यविरहित पेयात अधिकच आवश्यक ठरते. मोहितो हे मूळचे क्यूबातले, हवानाकडचे पेय, आणि त्यात पांढरी रम असते. सुगंधी तेले पाण्यात जेमतेम मिसळतात, मद्यात सहज विरघळतात. म्हणून तेथे थोड्या पानांतही वास पेलाभर पसरतो. रम काढून टाकून बाकी कृती तशीच ठेवली, की जे उरते ते सोडा घातलेले साधे लिंबू सरबत असते आणि त्यात चार पाने तरंगत असतात. किनाऱ्यावरच्या बऱ्याच हॉटेलांत असेच पेय उंच पेल्यातून, कडेला लिंबाची चकती खोचून, दीडशे रुपयांना येते. रमचे काम साखरेकडून आणि सालीकडून करून घ्यावे, पानेही थोडी सढळ हाताने घालावीत. ही तजवीज न करता मद्यविरहित पेयाला बेचव म्हणणे हा त्या पेयावर अन्याय आहे.

पानांच्या बाबतीत लोकांचा हात नको तेथे जड पडतो. पुदिन्याचे तेल पानाच्या आत खोलवर नसून पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म ग्रंथींत असते. भिंगातून पानाची पाठ पाहिली तर त्या चकाकत्या ठिपक्यांसारख्या दिसतात. त्या फुटण्यापुरता दाब पुरे. त्याहून जास्त चेचले की पेशी फुटतात, हिरवा रस सुटतो, तो हवेशी संयोग पावून काळपट होतो आणि चवीला गवताचा कडवटपणा येतो. मिक्सरमधून फिरवलेला पुदिना चटणीत चालतो, कारण तेथे मिरची, आले आणि मीठ त्याला सांभाळून घेतात. सरबतात त्याला सांभाळणारे कोणी नसते. मी जाड बुडाच्या पेल्यात दहा-बारा पाने घालतो, देठ काढून टाकतो, त्यांवर २५ मिलिलिटर पाक ओततो आणि ताक घुसळण्याच्या लहान रवीच्या बोंडाने चार-पाच वेळा दाबून किंचित फिरवतो. पान मऊ पडले पाहिजे, फाटले नाही पाहिजे. बाजारात याच कामासाठी लाकडी आणि पोलादी दांडे मिळतात. दात असलेले पोलादी दांडे पाने फाडतात, म्हणून टाळावेत, आणि घरात रवी असेल तर लाकडीही घेण्याची गरज नाही.

लिंबू कागदीच हवे: पातळ सालीचे, पिवळे पडू लागलेले आणि दाबल्यावर बोट रुतेल असे. कोकणात लिंबे बहुतांशी घाटावरून येतात, आणि श्रीगोंद्याकडच्या मालात किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘साई सरबती’ वाणात रस भरपूर मिळतो. रस आयत्या वेळी पिळावा. पिळून ठेवलेल्या रसात काही वेळाने एक सूक्ष्म कडवटपणा चढतो, आणि बिया व पांढरा भाग पिळणीत चिरडले गेले असतील तर तो चांगलाच जाणवतो. लिमोनिन नावाच्या द्रव्याचा हा प्रताप. म्हणून लिंबूपिळणीवर सगळे बळ काढून शेवटचा थेंब मिळवण्याचा मोह आवरावा. पेल्याला २० मिलिलिटर रस पुरतो. लिंबू चांगले असेल तर तो एकाच लिंबात निघतो.

मिठाची चिमूट अवश्य घालावी. पादेलोण घालण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि लिंबू-सोड्यात ते मलाही आवडते, पण त्याचा गंधकी वास पुदिन्याला झाकून टाकतो. तेव्हा येथे साधे मीठ बरे. शिरोड्याच्या मिठागरातले जाडे मीठ हाताशी असेल तर ते दोन बोटांत चुरून घालावे.

शेवटी बर्फ आणि सोडा. १२० ते १५० मिलिलिटर सोडा लागतो आणि तो आधीच थंड असला पाहिजे, कारण कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात जास्त विरघळतो: शून्य अंशाला जेवढा मावतो त्याच्या निम्माही २५ अंशाला मावत नाही. वैशाखात ओटीवर ठेवलेली सोड्याची बाटली उघडून बर्फावर ओतली, की अर्धा वायू पेल्याबाहेर गेलाच म्हणून समजावे. गोटी सोडा मिळत असेल तर तो घ्यावा. हिरम कॉड नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ती बाटली, जिच्या गळ्यातली गोटी आतल्या वायूच्याच दाबाने तोंड बंद करते, आपल्याकडच्या जत्रांतून अजून वाजते. सोडा ओतल्यावर चमचा तळाशी नेऊन एकदाच वर आणावा. पुदिन्याचा एक शेंडा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने त्यावर चापट मारावी आणि तो वर खोचावा. पिताना नाक त्याच्याजवळ येते, आणि चवीचा मोठा हिस्सा तेथूनच मिळतो.

तयार बाटली आणि घरचा पेला यांच्यातला साखरेचा फरक नजरेआड करता येत नाही. वेष्टनावर एका पेल्याला ४० मिलिलिटर सरबत घ्यावे असे लिहिले आहे. वजनाने सुमारे ६५ टक्के साखर असलेल्या घट्ट पाकाच्या हिशेबाने हे पेल्याला ३४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सात चमचे साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा सुमारे ५० ग्रॅम आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत सुचवली आहे, तेव्हा दुपारच्या एका पेल्यातच ती दुसरी मर्यादा ओलांडली जाते. घरच्या पाकाच्या २५ मिलिलिटरमध्ये साखर १५ ग्रॅम भरते, आणि सालीचा वास असल्यामुळे ती कमी वाटत नाही.

पैशाच्या बाजूने मात्र बाटली जिंकते. १६० रुपयांत सतरा पेले होतात, म्हणजे पेल्याला साडेनऊ रुपयांच्या आत. उन्हाळ्यात एकेक लिंबू सात-आठ रुपयांना जाते, त्यात सोडा आणि पुदिना धरला तर घरचा पेला पंचवीस रुपयांच्या खाली पडत नाही. गणपतीला चाकरमान्यांनी घर भरलेले असते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यायचे असते आणि भाद्रपदातल्या ओलीत आणलेला पुदिना दुसऱ्या दिवशी काळा पडतो, तेव्हा पेल्यापेल्याला पाने दाबत बसणे कोणालाच जमणार नाही. अशा वेळी बाटली असू द्यावी. फक्त सांगितल्याच्या निम्मेच सरबत घेऊन वर ताजे लिंबू पिळावे आणि एखादे पान चापट मारून टाकावे. एवढ्याने ते पुदिन्याचे सरबत होत नाही, पण ज्याला पाहुण्यापुढे ठेवताना संकोच वाटू नये असे काहीतरी होते.

पुदिन्याच्या बाबतीत परावलंबी राहण्याचे तसे कारण नाही. जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळ्या फुटतात. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही म्हणून उन्हाळ्यात तो परसात, न्हाणीच्या पाण्यावर आणि दुपारची सावली मिळेल असा लावावा. पावसाळ्यात मात्र कुंडीत घेऊन पडवीत ठेवावा, नाहीतर मुळे कुजतात. जमिनीत मोकळा सोडला तर शेजारच्या अळवाच्या वाफ्यातही शिरतो, याची पूर्वसूचना घरातल्या मंडळींना देऊन ठेवावी.

उत्पादकाला एक सुचवावेसे वाटते. रंग आणि कृत्रिम स्वाद वगळून त्याने सालीच्या वासाचा लिंबू-पाक तेवढा बाटलीत भरावा आणि ‘पुदिना आपला घालावा’ असे वेष्टनावर छापावे. साखर, आम्ल आणि टिकाऊपणा यांत त्याचा हात बसलेला आहेच. तोपर्यंत त्या फळीवरून कोकम उचलावे. उघडलेली हिरवी बाटली घरात असेलच, तर तिचे तोंड प्रत्येक वेळी पुसून ठेवावे, कारण झाकणाच्या आट्यांत पाक वाळून खडे धरतो, झाकण अडकते आणि मुंग्यांना तिचा पत्ता फार लवकर लागतो.